रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच
(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या बैठकीतील भाषण)



खरेदी म्हटली की आपल्यापुढे वर्षानुवर्षं एकच दुकान होतं. मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर उभं राहायचं, उधारीच्या वहीत नाव लिहायचं आणि दुकानदार देईल ती पिशवी उचलायची. युरिया पाहिजे तर सोबत ही टॉनिकची बाटली घ्यावीच लागेल. याला लिंकिंग म्हणतात, हे आपल्याला कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नाही. म्हणून मोबाईलमध्ये दुकान आलं तेव्हा आम्हाला आनंदच झाला, आणि तो अजून ओसरलेला नाही. कंधारच्या वाडीवर बसून फवारणी पंपाची किंमत चार ठिकाणी पाहता येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कीटकनाशकांच्या नियमांत बदल झाला आणि परवानाधारक विक्रेत्याचं औषध ऑनलाइन मागवायची वाट मोकळी झाली. त्या विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी ऑनलाइन कंपनीवर आहे. दुकानं वाढली तर गिऱ्हाईक शहाणं होतं. आता उधारी बंद आणि रोकड आधी, हे खरं. ज्याच्या हातात पैसा नाही तो अजून जुन्याच वहीत अडकलेला आहे.

पण या नव्या दुकानाचं रूप आता पुन्हा पालटलं आहे. वस्तू शोधायचीही गरज उरली नाही. पानाचा फोटो काढा, फोन रोगाचं नाव सांगतो. टाइप करता येत नसेल तर मराठीत बोला, मराठीत उत्तर येतं. आणि बऱ्याच ठिकाणी त्या उत्तराच्या खालीच बाटलीचं चित्र, किंमत आणि ‘ऑर्डर करा’चं बटण असतं. माणसाच्या बाबतीत डॉक्टर आणि मेडिकलवाला एक झाला की आपण कुजबुजतो. इथे दोघं एकाच काचेमागे बसलेत आणि आपण कौतुक करतो!

२०२५ साली ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर मुखेड तालुक्यातल्या एका शेतात आम्ही गेलो. कापूस लालभडक. पोराने फोटो काढला होता, फोनने बुरशी सांगितली, दोन बाटल्या घरी आल्या होत्या, एक फवारूनही झाली होती. आम्ही पानं उलटून पाहिली. तुडतुडे नव्हते. बुरशीचा ठिपका नव्हता. त्या रानात आठ दिवस पाणी साचलं होतं. मुळं गुदमरली, झाडाला नत्र आणि मॅग्नेशियम मिळेना, वर बोंडांचा भार. हा आपला जुना लाल्या! याला बुरशीनाशक काय करणार? चर काढून पाणी बाहेर काढायचं आणि दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट टाकून फवारायचं. फोटोत लाल रंग आला, पण आठ दिवसांचं पाणी कसं येणार? फोनने ते विचारलंच नव्हतं.

आम्ही परभणीत शेतीची पदवी घेतली, म्हणून यंत्रावर राग आहे असं समजू नका. ज्वारीच्या पानावरचा चिकटा फोन बरोबर ओळखतो, कारण तो वर चकाकतो. गुलाबी बोंडअळी मात्र बोंडाच्या आत असते. फुलाची डोमकळी झाली तर कळतं, नाहीतर बोंड फोडूनच पाहावं लागतं. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभरात दहा बोंडं किडकी निघाली, तरच औषधाचा खर्च करायचा. तुडतुड्यांचंही तसंच, पानामागे दोन-तीन दिसले तर फवारणी. हा हिशोब बटणाला परवडत नाही, कारण यात पुष्कळदा उत्तर ‘काही घेऊ नका’ असं येतं.

चुकीच्या औषधात फक्त पैसा जातो असंही नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसावर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पोचली. पंप पाठीवर घेणारा बहुधा शेतमजूरच असतो. ऑर्डर देणारा सावलीत.

फसवणूक झाली तर काय, असं लातूरच्या एका भगिनीने मघाशी विचारलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्यात झालं पाहिजे. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जुलै २०२० पासून नवा ग्राहक कायदा लागू आहे, त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवरच्या तक्रारीला फी नाही. बंगळूरच्या कंपनीसाठी बंगळूरला हेलपाटे नकोत. पण कागद पाहिजे. बिल, बॅच नंबर, वापरायची मुदत, खोक्यावरचा पत्ता, आणि फोनने काय सल्ला दिला त्याचा स्क्रीनशॉट. तो सल्ला दुसऱ्या दिवशी पडद्यावर सापडेल याचा भरवसा नाही.

पुढच्या बैठकीला येताना ज्याने ज्याने फोटोवरून औषध मागवलं त्याने बिल आणि तो स्क्रीनशॉट घेऊन यावं, जमलं तर त्याच झाडाची एक फांदीही. आपण इथेच पानं उलटून पाहू.