बांधापाशी संपणारे रस्ते

कोल्हापुरात रस्त्यांचा विषय निघाला की टोलविरोधी आंदोलन आठवते. सुमारे ५० किलोमीटर रस्ते खाजगी कंपनीने बांधावयाचे आणि नागरिकांनी ३० वर्षे नाक्यावर पैसे मोजावयाचे, हा व्यवहार एन. डी. पाटील व गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली जनतेने हाणून पाडला. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. तो दिवस पाहण्यास पानसरे उरले नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती.

रस्त्याचे पैसे कोणी द्यावयाचे, याचा निकाल त्या लढ्याने लावला. रस्ता कोठून कोठे जावा, हे कोण ठरविणार, हा प्रश्न मात्र तसाच आहे. टोल रद्द करता येतो; दुतर्फा घरे उभी राहिल्यावर गल्लीची रेषा पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसविली; पुढे राजाराम महाराजांच्या काळात राजारामपुरी झाली. तेथील गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात. एक गल्ली अडली तर दुसरीने जाता येते. संस्थानी सत्तेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु आधी रस्त्यांची आखणी आणि मग भूखंड, हा तेथील क्रम योग्य होता.

पाचगाव, कळंबा, उचगावच्या बाजूस शहर पसरले ते उलट्या क्रमाने. शेताचे गुंठे पडतात. मालक आपल्या प्लॉटांपुरता रस्ता सोडतो आणि तो शेजाऱ्याच्या बांधापाशी संपतो. पुढे नेला तर जमीन याची जाणार, लाभ शेजाऱ्याचा होणार. मग तो का नेईल? २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा घरांना नियमित होण्याची वाट दिली, पण तुटलेल्या गल्ल्या जोडल्या गेल्या नाहीत. १९७५ नंतर जगाच्या बऱ्याच भागांत नव्या वस्त्यांचे रस्ते असेच तुटक होत गेले, असे २०२० च्या एका जागतिक अभ्यासात आढळले आहे.

याची किंमत कोण देतो? बंद गल्लीत के.एम.टी.ची बस शिरत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईस पलीकडच्या वसाहतीत जाण्यासाठी हमरस्त्याने वळसा घालावा लागतो. कामगार कर्ज काढून दुचाकी घेतो. त्या हप्त्यात आणि पेट्रोलमध्ये जाणारा पैसा टोलच होय. त्याची पावती तेवढी मिळत नाही.

आपल्याकडील चर्चा मात्र हद्दवाढीवर अडते. १९७२ साली महानगरपालिका झाली, पण दशकानुदशके हद्द जागची हलली नाही. ग्रामस्थांना घरपट्टीची आणि जमिनीवरील आरक्षणांची धास्ती वाटते, व ती अनाठायी नाही. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी प्राधिकरण नेमले गेले. हद्द कोणाचीही असो, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात नगररचना योजनेची तरतूद आहे: जमिनी एकत्र घ्याव्यात, रस्ते आखावेत आणि प्रत्येकास हिश्श्याने भूखंड परत द्यावा. गुजरातमध्ये अहमदाबादचा विस्तार मोठ्या प्रमाणावर असाच झाला.

कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत प्रत्येक नव्या ले-आउटचा नकाशा मागावा, त्यातील रस्ता शेजारच्या गटातील रस्त्यास कोठे मिळतो हे विचारावे आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.