मालमोटारीच्या चालकाचे तास



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त, इतिहास, नाट्य असे विषय शोभतात. ट्रकचालकाने दिवसाला किती तास गाडी चालवावी, हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण सभा भरली आहे क्रांती चौकात. १८५७ च्या स्मृती जपणाऱ्या या चौकातूनच जालना रस्ता जातो. जालन्याच्या सळया, चिकलठाणा व वाळूजचा माल, दूरदूरच्या बाजारांचा भाजीपाला हे सारे ज्याच्या हातून येते-जाते, तो मनुष्य काल रात्री झोपला होता की नाही, हा प्रश्न त्याच रस्त्यावर स्कूटर चालविणाऱ्या आपणा सर्वांचाही आहे.

याविषयी कायदाच नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगार कायदा केला. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने दहा आणि चोपन्न. सलग पाच तासांपेक्षा अधिक काम नाही, त्यानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती. दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची सुटी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखविले.

आता हे माप रस्त्यावर लावून पाहू. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे आणि ५ जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. ताशी ८० चा वेग कोठेही न थांबता धरला, तरी नागपूरपासून शेवटच्या टोकापर्यंत पावणेनऊ तास लागतात. म्हणजे आठ तासांचा दिवस रस्ता संपण्यापूर्वीच संपतो. नागपुराहून निघालेल्याचे पाच तास भरतात ते जालना आणि आपला जिल्हा यांच्या आसपास. तेथे त्याने उतरावे, चहा घ्यावा, पाय मोकळे करावेत, असे कायदा सांगतो. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो तो दमलेल्याचाच. घाटातल्या वळणांवर निदान भीती तरी जागे ठेवते!

पण खरी मेख पुढे आहे. ‘कामाचे तास’ म्हणजे काय? गाडी चालू असतानाचा वेळ, अनुषंगिक कामाचा वेळ, आणि अड्ड्यावर नुसते थांबून राहण्याचा पंधरा मिनिटांहून कमी वेळ, अशी त्याची मोजणी आहे. कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत सहा तास उभ्या राहिलेल्या चालकाने काय करावे? गाडी पुढे सरकली की त्याला सरकावी लागते. झोपला तर मागचा भोंगा वाजवतो. मालक म्हणणार, बसूनच तर होता. आमच्या मते ती विश्रांती नव्हे. अशा सहा तासांनंतर बिल्टी हाती पडते आणि उद्या सकाळी माल पोचला पाहिजे, असे फर्मान निघते. फेरीवर पगार मिळणारा गडी मग रात्र चाकावरच काढतो. किन्नराला सुकाणू देऊन घटकाभर पडणे हाही एक उपाय असतो. तो किती घातक, हे सांगणे नको.

दुसरी मेख अशी. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमालाच लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. तिने दिवसाचे आठ तास कायम ठेवले, पण मोटार वाहतुकीच्या उपक्रमासाठी दहा कामगारांची अट घातली. ज्याच्या दोनच गाड्या आहेत आणि त्यांतली एक तो स्वतः चालवितो, त्याच्यापर्यंत हे माप पोचतच नाही. मर्यादा पाचावरून दहावर नेण्यात आम्हांस तरी शहाणपण दिसत नाही.

युरोपात साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावेच लागते, आणि गाडीतले यंत्र चाकांची हालचाल आपोआप टिपून ठेवते. गाडी किती वेळ चालली, हे चालकाच्या किंवा मालकाच्या सांगण्यावर अवलंबून नाही. अमेरिकेत सलग दहा तासांच्या सुटीनंतर मालवाहू गाडी अकरा तासच चालविता येते, तीही कामावर आल्यापासून चौदा तासांच्या आत. मध्ये फाटकाशी खोळंबा झाला तरी घड्याळ सहसा थांबत नाही. तो वेळ तेथे चालकाच्या दिवसातून वजा होतो, आपल्याकडे त्याच्या झोपेतून.

जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला तेव्हा पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या, आणि आपण सारे त्यांच्यावर चिडलो. नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळविता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद होती, म्हणून तो संप. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम मागे ठेवले गेले. चालकास किती कैद द्यावी याची चर्चा देशभर झाली. त्याला किती तास जागे ठेवले होते, हे विचारणारे त्या वेळी थोडेच होते.

कारखान्याच्या फाटकावर बहुधा एक वही असते. तीत गाडी कधी आली आणि कधी गेली, हे रखवालदार लिहितो. मालाच्या हिशेबासाठी ती लागतेच. त्याच पानावर, चालकाने आदल्या रात्री गाडी कोठे व किती वाजता थांबविली, असा एक रकाना वाढवावा, आणि पुरेशी झोप झालेली नसेल त्याला आवारातच नऊ तास खाट द्यावी. यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. उद्योजकांच्या संघटनांनी ठरविले, तर वाळूजमध्ये हे पुढल्या महिन्यात सुरू होऊ शकते.