शस्त्रक्रियेची भीती आणि शस्त्रक्रियेची तयारी

(संस्थेच्या आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवर आम्ही बोलणार म्हटल्यावर काहींनी विचारले, "ज्या जालना जिल्ह्यात १९७२ च्या दुष्काळात आपले वाडवडील खडी फोडून सुकडी आणि मिलोवर जगले, तेथे लठ्ठपणावर भाषण कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण काळ बदलला. अंगमेहनत कमी झाली, बैठे काम वाढले, तेल-साखर स्वस्त झाली. आज परतूर-मंठ्यापासून भोकरदन-जाफराबादपर्यंत कोणत्याही वस्तीत जा, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसे भेटतील. मधुमेहाने माणसाला किती छळावे, हे बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांवरून आपण जाणतोच.

आपल्यातल्याच एका ताईंची हकिगत त्यांच्या अनुमतीने, नाव न घेता सांगतो. उंची १५० सेंटिमीटर, वजन ९० किलो. गुडघे गेलेले, साखर आटोक्यात नाही, रात्री झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. ताईंनी ठरलेली तारीख दोनदा मोडली. पहिल्यांदा कोणी म्हणाले, अमावास्या आहे. दुसऱ्यांदा कारणच सांगितले नाही. आम्ही घरी जाऊन बसलो तेव्हा मनातले तीन प्रश्न बाहेर आले. भूल दिल्यावर जाग येईल का? पुन्हा भाकरी खाता येईल का? आणि लोक काय म्हणतील? हे तिन्ही प्रश्न त्यांनी डॉक्टरांना एकदाही विचारले नव्हते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. लोक म्हणतात, "खाऊन खाऊन फुगली, आता पोट कापते." हे अज्ञान आहे. लठ्ठपणा हा दीर्घकाळचा आजार आहे. त्यात आनुवंशिकता असते, शरीरातील संप्रेरके असतात. उपास करून वजन उतरवले की शरीर भूक वाढवून ते पुन्हा भरून काढू पाहते. संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकत तथागतांकडे आला. भगवंतांनी त्याची टिंगल केली नाही. मात्रा जाणून, जागरूकपणे जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करून रोज जेवताना म्हणायला सांगितले. हळूहळू आहार कमी झाला आणि राजा सडपातळ झाला. राजालाही ताटाशेजारी एक सोबती लागला, हे ध्यानात ठेवा. रुग्णाला टोमणा नको, सोबत हवी.

मात्र प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असे नाही. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. ताईंचा आकडा ४० होता. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ३५ च्या पुढे शस्त्रक्रिया सुचवली जाते. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी २७.५ पासून विचार करावा असे म्हटले आहे. आता वजन उतरवणारी इंजेक्शनेही आली आहेत. कोणता मार्ग आपला, हे तज्ज्ञालाच विचारावे. खर्चाची आणि विम्याची चौकशी तारीख ठरण्याआधीच करावी.

दुसरा प्रश्न भाकरीचा. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे, जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. केळ्यासारखी नळी उरते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. नंतर साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ वरण, दही, अंडे, आणि काही आठवड्यांनी नेहमीचे जेवण. भाकरी खाता येते, पण थोडी आणि चावून चावून. जेवताना पाणी प्यायचे नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर चुकवायच्या नाहीत. स्त्रियांनी पुढे वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळावे. ही जादू नव्हे, नव्या शिस्तीची सुरुवात आहे.

आता पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न. धोका शून्य आहे असे आम्ही सांगणार नाही. टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी, हे घडू शकते. अनुभवी केंद्रांत मृत्यूचे प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. हा धोका कमी करण्याचे पुष्कळ काम शस्त्रक्रियेच्या आधीच होते, आणि त्यात रुग्णाचाही हात असतो. तंबाखू, मिश्री, विडी निदान सहा आठवडे आधी बंद. दारू बंद, ती तर बावीस प्रतिज्ञांतच आपण सोडली आहे. रक्त, हृदय, सोनोग्राफी, दुर्बिणीने जठर, या तपासण्या पूर्ण करणे. झोपेत श्वास अडकत असेल तर लपवू नये. दोनेक आठवडे डॉक्टरांनी सांगितलेला हलका आहार घेतला की सुजलेले यकृत आकसते आणि सर्जनला जागा मिळते. साखरेच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, वजनाची इंजेक्शने, गावठी औषधे, सगळे भूलतज्ज्ञाला सांगावे. कोणती गोळी कधी थांबवायची हे तेच ठरवतील. रोज चालावे, दीर्घ श्वासाचा सराव करावा. उपाशी राहण्याची वेळ काटेकोर पाळावी. "एक घोट चहाने काय होते?" असे म्हणू नये. जठरात अन्न असेल तर भुलीत ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी त्याने विचारले, "एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने, उताणा सात महिने पडून राहशील का?" श्रेष्ठी हो म्हणाला. प्रत्यक्षात सात-सात दिवसच त्याला जमले, आणि तेवढ्यात तो बरा झाला. पुढे काय सोसायचे, हे वैद्याने आधी विचारून रुग्णाच्या मनाची तयारी करून घेतली होती. त्या काळी आजच्यासारखी भूल नव्हती. ईथरची भूल देऊन झालेली शस्त्रक्रिया १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये जगासमोर आली. आज भूलतज्ज्ञ संपूर्ण वेळ रुग्णाचा श्वास, नाडी, रक्तदाब पाहत असतो.

तरीही भीती वाटतेच. ती वाटणे कमीपणाचे नाही. प्रश्न वहीत लिहा आणि डॉक्टरांपुढे वही उघडा. संमतिपत्र वाचल्याशिवाय, कळल्याशिवाय सही करू नका. रात्री मन धावू लागले तर आनापान करा. येणारा श्वास, जाणारा श्वास, एवढेच पाहा. आणि अमावास्या पाहून तारीख मोडू नका. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात ज्या जोखडातून आपल्याला सोडवले, ते दवाखान्याच्या दारात पुन्हा मानेवर घ्यायचे का?

विद्यार्थी मित्रहो, आपल्याकडचे रुग्ण या शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई गाठतात. अनोळखी शहर, मोठे दवाखाने, इंग्रजी कागद. तुम्ही शिकलेले आहात. कागद वाचून दाखवायला, वहीत उत्तरे लिहून घ्यायला एक दिवस सोबत जा. रुग्णाची सेवा ती माझीच सेवा, असा तथागतांच्या शिकवणीचा आशय आहे.

त्या ताईंच्या वहीत एकोणीस प्रश्न झाले. वस्तीतली बारावीची एक मुलगी त्यांच्यासोबत गेली, तिने उत्तरे लिहून आणली. तिसरी तारीख त्यांनी मोडली नाही. थिएटरच्या दारापर्यंत त्या स्वतः चालत गेल्या. नंतर म्हणाल्या, "भीती होतीच, पण कशाची आहे ते ठाऊक होतं." आज त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत, आणि विहाराच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता चढून आल्या आहेत.