बाजार कोणाचा, म्युनिसिपालिटी कोणाची?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

म्युनिसिपालिटी आणि व्यापार यांचें नातें कसें असावें, याविषयीं आम्ही आज चार शब्द बोलणार आहों. हा शहरचा विषय, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. पण तुमची मेथीची जुडी, कुंभाराचें मडकें, बुरुडाची टोपली विकतात कोठें? शहरच्या रस्त्यावरच ना? त्या रस्त्यावर सत्ता म्युनिसिपालिटीची. आणि तिच्या खुर्चीला खुर्ची लावून बसतो मोठा दुकानदार व कंत्राटदार.

व्यापारी म्युनिसिपालिटींत गेला कीं बिघडलाच, असें आमचें म्हणणें नाहीं. महात्मा जोतीराव फुले स्वतः व्यापारी व कंत्राटदार होते. १८७६ सालीं ते पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद झाले. १८८० सालीं लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठीं १००० रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हां विरोध करणारे जोतीराव एकटेच निघाले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, हें त्यांचें म्हणणें. मंडईच्या भव्य इमारतीच्या खर्चासही त्यांचा विरोध होता. ती मंडई १८८६ सालीं उभी राहिली, आणि पुढें तिलाच त्यांचें नांव दिलें गेलें! नांव देणें सोपें, त्यांच्यासारखा हिशेब विचारणें अवघड.

आज काय चाललें आहे? दुकानदाराची पायरी रस्त्यावर आली तर ती कोणास दिसत नाहीं; माळणीची पाटी मात्र गाडींत पडते. पाटीवालीस कायदा ठाऊक नसतो, म्हणून ती हात जोडते. तो कायदा ऐका. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ सालीं झाला. पाहणी होऊन दाखले मिळेपर्यंत कोणास उठवितां येत नाहीं. उठविण्यापूर्वीं ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी दिलीच पाहिजे. ठरलेलें शुल्क भरून मागणी केल्यावर नासका माल त्याच दिवशीं, इतर माल कामाच्या दोन दिवसांत परत मिळाला पाहिजे. नगर पथविक्रय समितींत निदान शेंकडा ४० सभासद विक्रेत्यांनीं निवडलेले असावेत, आणि त्यांत एक तृतीयांश बाया.

पण कायदा कागदावर निजला आहे. त्यास जागें करणें आपल्या हातीं आहे. यादीवांचून माल देऊं नका. पावतीवांचून पैसा देऊं नका. समितीची निवडणूक झाली कीं नाहीं, हें दहाजण मिळून विचारा. एकट्याचा आवाज बाजारांत बुडतो. दहांचा म्युनिसिपालिटीच्या माडीवर ऐकूं जातो.