तबेल्यातली पहाट आणि आपल्या अंगावरचे कपडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



मला आज चार शब्द बोलावयास सांगितले तेव्हा मी विषय मुद्दाम घरचाच निवडला. महाबळेश्वरच्या थंडीत पहाटे तबेल्यात जाणाऱ्या बाईने आणि घोड्यावर बसणाऱ्या आपल्या मुलामुलींनी अंगावर काय घालावे, हा तो विषय. कोणी म्हणेल, यात भाषण करण्यासारखे काय आहे? पण आपल्याकडे घोड्याला झूल असते, रेडकाला गोणपाट असते, पुरुषमाणसाला जाकीट असते, आणि सर्वांच्या आधी उठून लीद काढणाऱ्या बाईच्या अंगावर मात्र विरलेली शाल आणि पायात झिजलेली स्लीपर असते. म्हणून बोलावेसे वाटते.

आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फूट उंच. पण थंडी सगळीकडे सारखी नसते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की गवत, जमीन, मोटारीचे टप आपली ऊब रात्रभर वर सोडून देतात. थंड हवा जड असते. ती उतारावरून खाली येते आणि खोलगटात साचते. म्हणून बाजारपेठेत नुसती हुडहुडी भरत असते, त्या पहाटे वेण्णा तलावाकाठी गवतावर आणि बोटींच्या धक्क्यावर दव गोठलेले असते. ज्यांचा तबेला खोलगटात आहे त्यांनी बाजारातली थंडी पाहून कपडे ठरवू नयेत.

आता ऊब म्हणजे काय ते पाहू. कपडा स्वतः ऊब देत नाही. आपल्या अंगाची ऊब तो धरून ठेवतो, आणि धरतो ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. आपल्या आजीची गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे पातळ थर, पण एकावर एक शिवले की कशी ऊब येते! तेच अंगावर करावे. एका जाडजूड कोटापेक्षा तीन पातळ कपडे बरे. आत अंगाला लागून पातळ लोकरी किंवा बाजारात थर्मल म्हणून मिळते ते, त्यावर स्वेटर, आणि सर्वांत वर वारा अडवील असे घट्ट विणीच्या कापडाचे जाकीट.

अंगालगत सुती कपडा थंडीत नको. सूत घाम पिते आणि ओलेच राहते. काम थांबले की तोच ओलावा अंग गारठवतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषते, तरी लगेच ओली लागत नाही. लीद ओढताना अंग तापू लागले की घाम फुटण्याआधीच वरचा कपडा काढून खुंटीला लावावा, आणि काम संपताच तो पुन्हा घालावा.

तबेल्यात दुसरी गोष्ट म्हणजे लोंबते काही नको. शालीचे टोक, पदर, ओढणी, मफलर, सगळे आत खोचलेले हवे. घरात कडबाकुट्टीचे यंत्र असेल तर याचा विसर पडताच कामा नये. पदर किंवा मोकळी वेणी एकदा यंत्राने धरली की हात बटणापर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही. शाल घरी ठेवावी आणि तबेल्यात कानटोपी व स्वेटर घालावा. साडी नेसायचीच तर काष्टा घालून वर घ्यावी, म्हणजे काठ ओला होऊन पोटऱ्यांना चिकटत नाही. सलवार असेल तर पायाशी अरुंद असावी.

पायांचे थोडे जास्त सांगते. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. थंडीत टाचांना भेगा पडतात, आणि त्या उघड्या भेगा घेऊन आपण त्याच मातीत उभ्या राहतो. तेव्हा गमबूट ही चैन नव्हे. तो एक नंबर मोठा घ्यावा. आत लोकरी मोजा सैल बसला पाहिजे; दोन मोजे कोंबून पाय आवळला तर रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट गार पडतो. रबराला आतून घाम येतो, म्हणून रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालावे आणि मोजे रोज बदलावे. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, खोबरेल तेल लावावे. धनुर्वाताची लस डॉक्टर दर १० वर्षांनी घ्यावयास सांगतात. आपण शेवटची कधी घेतली, हे प्रत्येकीने आज घरी जाऊन आठवावे. पुष्कळजणींना ती बाळंतपणाच्या वेळचीच आठवेल.

शेकोटीपाशी बसताना अंगावर काय आहे तेही पाहावे. मऊ, स्वस्त, कृत्रिम धाग्याचे जाकीट ठिणगी पडताच वितळते आणि कातडीला चिकटते. लोकर सहसा भडकत नाही. म्हणून विस्तवाजवळ घोंगडीच बरी. माणदेशातली चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी जुनी झाली तरी टाकू नये. राखणीला बसताना तिच्यासारखे पांघरूण नाही. मात्र ती पांघरून काम करू नये. आणि बंद तबेल्यात निखाऱ्यांचे घमेले तर कधीच ठेवू नये. त्याचा धूर दिसत नाही, पण वायू जीव घेतो.

आता घोड्यावर बसणाऱ्यांचे. लगाम धरून चालणाऱ्याचे अंग चालण्याने तापते, बसणाऱ्याचे तापत नाही. त्याला एक थर जास्त लागतो. जाकीट कमरेपर्यंतचे आणि पुढून बंद असावे. फडफडणारे प्लास्टिक किंवा उडती ओढणी दिसली की घोडा बुजतो. चालत्या घोड्यावर स्वेटर काढू नये. डोके स्वेटरात आणि हात लगामाबाहेर, अशा वेळी घोडा दचकला तर सावरणार कोण? खाली उतरून काढावा. हातमोजा इतकाच जाड असावा की लगाम बोटांना कळला पाहिजे. बुटाला थोडी टाच हवी, आणि बूट इतका रुंद नको की रिकिबीत अडकून बसेल. पडताना पाय सुटला पाहिजे. शिरस्त्राणाखाली जाड लोकरी टोपी घातली तर ते सैल बसते. पातळ कानपट्टी पुरे.

लोकरीचे कपडे थंड पाण्यात रिठ्याने धुवावे, पिळू नयेत, सावलीत पसरून वाळवावे. आपल्या पावसाळ्यात बुरशी फार. म्हणून मृगापूर्वी उन्हे देऊन, नीट बांधून ठेवावे आणि मध्ये उघडीप मिळाली की एकदा झटकावे.

भगिनींनो, घोडा घामाने भिजून आला की आपण त्याला आधी पुसतो, कोरडे करतो, मगच कोरडी झूल घालतो. ओली झूल अंगावर ठेवली तर जनावर आजारी पडेल, हे आपल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मात्र आपली बाही ओली झाली तर ती आपल्या अंगावरच वाळते. जनावराला पुसू नये असे माझे म्हणणे नाही. घरचे पोट त्यावर आहे. पण तबेला सांभाळणारी बाई छातीच्या कफाने अंथरुणाला खिळली तर खरारा कोण करणार, चंदी कोण भिजवणार?

म्हणून माझी एक सूचना आहे. दिवाळीची खरेदी करताना प्रत्येक घराने पहिले गरम कपडे, जी सर्वांत आधी तबेल्यात जाते तिच्यासाठी घ्यावे. एक स्वेटर, एक कानटोपी, दोन जोड लोकरी मोजे आणि गमबूट, एवढेच. मोजे तर आपल्या मंडळात दुपारी बसून विणता येतील. ज्यांना टाच वळवता येत नाही त्यांना मी शिकवीन. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत आपल्यापैकी एकीचेही पाय तबेल्यात उघडे राहू नयेत, एवढे जरी आपण केले तरी पुष्कळ झाले.