ॲनाकोंडा : पाण्याच्या आधाराने वाढलेला सर्प

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन व ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांत, संथ ओढ्यांत, दलदलीत आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या गवताळ मैदानांत राहणारा हिरवा ॲनाकोंडा हा जगातील सर्वांत वजनदार सर्प होय. लांबीचा मान आग्नेय आशियातील जाळीदार अजगराकडे जातो. ब्रिटिश प्रवासी पर्सी फॉसेट याने १९०७ साली ६२ फूट लांबीचा ॲनाकोंडा मारल्याचे लिहून ठेवले आणि तशा कथा पुढेही पसरत राहिल्या. परंतु ३० फुटांहून लांब असलेल्या जिवंत सापासाठी न्यूयॉर्कच्या प्राणिसंस्थेने जाहीर केलेले बक्षीस, त्याची रक्कम वाढत ५०,००० डॉलरपर्यंत जाऊनही, कोणाला मिळाले नाही. प्रत्यक्ष मोजलेल्या मोठ्या माद्या साधारणतः ५ मीटरच्या आसपास भरतात आणि त्यांतील काहींचे वजन १०० किलोग्रॅमच्या जवळ जाते.

एवढा भार जमिनीवर ओढत नेणे कष्टाचे असते. पाणी मात्र तो उचलून धरते, आणि म्हणूनच हा सर्प आयुष्याचा बराच काळ पाण्यात घालवतो. डोळे व नाकपुड्या डोक्याच्या वरच्या अंगास असल्यामुळे बाकीचे शरीर बुडालेले ठेवून त्याला पाहता व श्वास घेता येतो. काठावर येणारे पाणपक्षी, केमन नावाच्या मगरी, तसेच कॅपिबारा, म्हणजे उंदरांच्या गणातील सर्वांत मोठा प्राणी, हे त्याचे भक्ष्य. विळख्यात सापडलेला प्राणी गुदमरून मरतो अशी जुनी समजूत होती. परंतु याच कुळातील बोआ सर्पावरील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, विळख्याच्या दाबाने भक्ष्याचे रक्ताभिसरण काही क्षणांतच खुंटते आणि हृदयाचे कार्य कोलमडते.

या सर्पाच्या जीवनातील सर्वांत विलक्षण भाग त्याच्या प्रजननात आहे. व्हेनेझुएलाच्या ल्यानोस या मैदानी प्रदेशात जीवशास्त्रज्ञ हेसुस रिवास यांनी १९९२ पासून केलेल्या अभ्यासातून कळले की, उन्हाळ्याच्या अखेरीस एकाच मादीभोवती कधी कधी १२-१३ नर गुंतून त्यांचा एक गोळा तयार होतो आणि तो काही आठवडेही टिकतो. मादीचे वजन नराच्या सरासरी चौपटीहून अधिक असते; समागमानंतर तिने एखाद्या नरालाच गिळल्याच्याही नोंदी आहेत. मादीचा हा आकार अपत्यांसाठी आहे. अजगराप्रमाणे ती अंडी घालून त्यांभोवती वेटोळे करून बसत नाही, तर सुमारे ६-७ महिने पिल्ले पोटात वाढवते, त्या काळात बहुधा काही खात नाही, आणि साठवलेल्या चरबीवरच तग धरते. जेवढे शरीर मोठे, तेवढी पिल्ले अधिक. पिल्ले देणारे साप महाराष्ट्रालाही अपरिचित नाहीत. मांडूळ आणि दुरक्या घोणस हे बोआंचे छोटे नातलग असून तेही अंडी न घालता पिल्लांनाच जन्म देतात.

एका वेळी साधारणतः २० ते ४० पिल्ले जन्मतात. सुमारे ७० सेंटिमीटर लांबीच्या त्या पिल्लांकडे आई लक्ष देत नाही, आणि त्यांतील बहुतेक केमन व शिकारी पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. प्रसूतीने खंगलेल्या मादीला पुन्हा वजन भरून काढण्यास वेळ लागत असल्याने ती सामान्यतः दरवर्षी विणत नाही. माणूस भीतीपोटी मारतो तो साप बहुधा सर्वांत मोठा, म्हणजेच मादी असतो. आणि तिच्या आकाराची दुसरी मादी तयार होण्यास पुष्कळ वर्षे लागतात.