कानांनीं शिकावयाचें विज्ञान

जळगांवच्या एखाद्या बोळांत उन्हाळ्याच्या दिवसांत पहांटे नळ आला, कीं हंड्यांची रांग लागते. अंधार असला तरी मुलगी हंडा कांठोकांठ भरण्याच्या बेतास अचूक नळ बंद करते. ती आंत डोकावत नाहीं. पाणी चढूं लागलें म्हणजे धारेचा जाड आवाज बारीक होत जातो, हें तिच्या कानाला ठाऊक असतें. हंड्यांतील हवेची पोकळी जसजशी लहान होते, तसतसें त्या हवेचें कंपन जलद होतें व स्वर वर चढतो. पुस्तकांतलें ध्वनीचें प्रकरण तिनें असें रोज ऐकलेलें असतें. मात्र त्या प्रकरणाचा आणि आपल्या हंड्याचा संबंध तिला कोणी सांगितलेला नसतो.

तो सांगण्यास आकाशवाणीसारखें साधन नाहीं. तिला चित्र दाखवितां येत नाहीं, ही उणीव पुष्कळदां बोलून दाखविली जाते; पण आवाज चित्रांत तरी कोठें दिसतो? बाजारांत माठ घेतांना आजीबाई त्यावर टिचकी मारते. धड माठ खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. हे दोन आवाज पाठोपाठ ऐकवावे आणि कथेंतल्या नातवानें “असें कां?” म्हणून विचारावें; ऐकणारें मूल उत्तराच्या आधींच विचारांत पडतें. तड्याच्या कडा एकमेकींवर घासून कंपन गिळून टाकतात, हें मग त्याला एका वाक्यांत पटतें.

त्यांतून ती आजी अहिराणींत बोलली तर दुधांत साखर! धुळें-जळगांवकडील कित्येक घरांची बोली अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली. ‘अनुनाद’ या शब्दाशीं मूल अडखळतें, हंड्याच्या आवाजाशीं अडखळत नाहीं. शब्द मागाहून द्यावा.

कथारूपानें विज्ञान ऐकविण्याचा प्रयत्न मोठ्या प्रमाणावर पूर्वीं झालेला आहे. १९९१ सालीं सुरू झालेली ‘मानव का विकास’ ही आकाशवाणीची मालिका १४४ भागांची होती. मानवाच्या उत्क्रांतीची हकीकत ती १८ भाषांतून सांगत असे, आणि सुमारें १,००,००० मुलें व १०,००० शाळा यांनीं तिचे श्रोते म्हणून नांवें नोंदविलीं होतीं. मुलें आठवड्यामागून आठवडे शास्त्र ऐकत नाहींत, हा समज तेव्हांच खोटा ठरावयास हवा होता.

मात्र गोष्ट गोड व्हावी म्हणून शास्त्र वांकवूं नये. ढगावर ढग आपटून गडगडाट होतो, असें सांगणें सोपें आहे, आणि तें चूक आहे. विजेच्या वाटेवरील हवा क्षणांत भयंकर तापते व एकदम फुगते. तो धक्का म्हणजेच गडगडाट. प्रकाश तत्काळ पोंचतो, आवाजाला एक किलोमीटर यावयास सुमारें तीन सेकंद लागतात. सातपुड्याकडे वीज चमकतांच कथेंतील मुलें मोठ्यानें अंक मोजूं लागतात. नऊवर गडगडलें, म्हणजे वीज तीन किलोमीटरांवर. ऐकणारीं मुलेंहि पुढल्या पावसांत मोजूं लागतीलच. म्हणून कथेंतलीं मुलें शेतांत झाडाखालीं उभीं दाखवूं नयेत, तीं घराच्या आंत बसलेलीं असावींत. तीन काय, दहा किलोमीटरांवरच्या ढगाची वीजहि अंगणांतल्या माणसावर पडूं शकते.